कारण नमूद करावे

पन्नाशी उलटल्यावर माणसाने नवीन काही शिकू नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण शिकायचंच असेल तर ते बायकोच्या कटिंगच्या टेबलावर शिकू नये, एवढं मी अनुभवाने सांगू शकतो.

आमची कंपनी पंप बनवते आणि मी तिथला स्टोअरकीपर आहे. नट, बोल्ट, बेअरिंग, गॅस्केट असा साडेचार हजार कप्प्यांचा संसार गेली सव्वीस वर्षं मी सांभाळतो आहे. डोळे मिटून नट अंगठ्याखाली फिरवला तरी मी त्याचं माप सांगतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आमच्या वॉचमनने पैज लावून पाहिलेली आहे. तर अशा सुखी संसारात एके दिवशी टाय लावलेला एक माणूस आला आणि म्हणाला, ‘‘आता हे सगळं सिस्टिममध्ये जाणार.’’

सिस्टिम म्हणजे एक अगडबंब प्रोग्राम. खरेदी, विक्री, कारखाना, गोदाम, रजा, पगार, सगळं त्याच्या पोटात. शिपायाला झाडू हवा असला तरी आधी त्यात मागणी टाकायची, वरच्याने ती मंजूर करायची, मग झाडू. टायवाल्याने दोन दिवस पडद्यावर चित्रं दाखवली. आम्ही सहा स्टोअरकीपर माना डोलवत बसलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅनेजरसाहेब आले आणि म्हणाले, महिन्याभराने प्रात्यक्षिक परीक्षा होईल. जे पास होतील ते स्टोअरमध्ये राहतील, बाकीच्यांची ‘सन्मानाने’ तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत बदली होईल. त्या खोलीत सध्या एक गृहस्थ बसतात. ते पूर्वी टायपिस्ट होते. त्यांना बाहेर येताना बऱ्याच वर्षांत कोणी पाहिलेलं नाही.

घरी मी या तळघराबद्दल ताकास तूर लागू दिली नाही. बायकोला उगाच घोर कशाला? शिवाय, बोल्टाच्या वासाशिवाय मला करमणार नाही, हे सव्वीस वर्षांनी कबूल करायला थोडी लाजही वाटत होती. ‘‘सरावासाठी एक प्रोग्राम टाकायचाय,’’ एवढंच मी म्हणालो. शिकाऊ लोकांसाठी त्याची एक मोफत प्रत मिळते असं टायवाल्याने सांगितलं होतं.

‘‘टाका की,’’ बायको म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

इथे बायकोबद्दल सांगायला हवं. ती शिवणकाम करते. घरातली पुढची खोली तिची. तिथे शिवणयंत्र, कटिंगचं टेबल आणि भिंतीला लागून बटणांच्या काचेच्या बरण्या. प्रत्येक बरणीच्या झाकणावर कापड ताणून बांधलेलं आणि त्या कापडावर आतल्या बटणाचा एक नमुना शिवलेला. बरणी न उघडता आत काय आहे ते कळावं म्हणून. वीस वर्षं मी त्या बरण्यांना ‘तुझी खेळणी’ म्हणत आलो. हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मला ते गिळावं लागलं.

शनिवारी सकाळी मी कामाला लागलो. आमचा संगणक लेकीने लग्न होऊन जाताना मागे ठेवलेला, बायकोच्या कटिंगच्या टेबलाच्या एका टोकाला. प्रोग्रामने पहिल्यांदा जागा मागितली. जी जागा होती तिच्या तिप्पट मागितली. मग मी सोसायटीचा सेक्रेटरी असतानाची आठ वर्षांची पत्रं आणि सूचना पुसल्या. ‘जिन्यात सायकली ठेवू नयेत’ या विषयावरच्याच एकोणीस सूचना होत्या. पुसताना हात जड झाला, पण सायकली तेव्हाही जिन्यातच होत्या आणि आजही आहेत, या विचाराने मन घट्ट केलं.

मेहुण्याला फोन लावला. तो संगणकाच्या कंपनीत आहे. काय करतो ते मला माहीत नाही, आणि त्यालाही नेमकं सांगता येत नाही. तो म्हणाला, ‘‘भाऊजी, हे घरच्या मशीनवर टाकायचं काम नाही हो. याला मोठे सर्व्हर लागतात, थंड खोल्या लागतात. नाकापेक्षा मोती जड व्हायचा.’’

‘‘मग थंड कसं ठेवायचं?’’

‘‘ते तुम्ही बघा,’’ असं म्हणून उंटावरून शेळ्या हाकणारे मेहुणे उंटासकट निघून गेले.

थंडाव्याचा प्रश्न शेजारच्या टेलिफोनवाल्या काकांनी हातात घेतला. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, आणि ज्याला वायर आहे ते सगळं आपल्या खात्याचं असं ते मानतात. त्यांनी संगणकाचं झाकण काढलं, समोर टेबलफॅन लावला आणि स्वतःची खुर्ची आणून शेजारी बसले. ‘‘आता कोणी हात लावायचा नाही,’’ त्यांनी बजावलं. मशीनमध्ये बायकोच्या खडूची पूड आणि सुती धागे निघाले ते त्यांनी एका वाटीत काढून मला दाखवले. दाताच्या डॉक्टरने काढलेला दात दाखवावा तसे.

अकरा वाजता एक टक्का झाला. दुपारी एक वाजता त्र्याहत्तर टक्के झाले आणि तिथे गाडी थांबली. दोन वाजले, त्र्याहत्तर. तीन वाजले, त्र्याहत्तर. बातमी इमारतभर पसरली. वरच्या मजल्यावरच्या मावशी येऊन दारातूनच हळू आवाजात विचारून गेल्या, ‘‘कसं आहे?’’ काका म्हणाले, ‘‘तसंच आहे.’’ खालचा विमा एजंट येऊन म्हणाला की त्याच्या भावाने असंच काहीतरी टाकलं होतं, ते शेवटी गेलं. काय गेलं, प्रोग्राम की भाऊ, ते विचारायचा धीर झाला नाही.

साडेचार वाजता ते अचानक ब्याण्णववर गेलं. काका उभे राहिले. मीही उभा राहिलो. आणि या शुभ घडीला आपली पँट तेवढी इस्त्री करून घ्यावी, सोमवारची काळजी नको, असा सुविचार माझ्या मनात आला. मी इस्त्री त्याच बोर्डाला लावली. फट् असा आवाज झाला. पंखा थांबला, शिवणयंत्राचा दिवा गेला, पडदा काळा झाला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाला रागावायला शब्द लागत नाहीत. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि ते घरी गेले.

बायकोने फ्यूज बांधला. मी ‘हां हां, जपून’ म्हणत टॉर्च धरला. मग ती म्हणाली, ‘‘उद्या मी दिवसभर यंत्र चालवत नाही. तुम्ही पुन्हा लावा. आणि पँट मला द्या.’’ रविवारी तिची गिऱ्हाइकं यायची होती, त्यांना तिने फोन करून मंगळवारी बोलावलं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी टक्के मोजत होतो.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता सिस्टिम आमच्या घरात दाखल झाली. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, चला, आता सराव. पण सिस्टिम म्हणाली, आधी कंपनी सांगा. कंपनीशिवाय ती एक पाऊल पुढे जाईना. ‘कंपनीचे नाव’ या चौकटीत मी ‘घर’ लिहिलं, तर किमान पाच अक्षरं हवीत. ‘आमचं घर’ लिहिलं. शाखा किती, गोदामं किती, खाती किती, असे चाळीस रकाने. एका रकान्यात अडलो म्हणून मदतकेंद्राला फोन केला. तिथली बाई फार अदबीने बोलली.

‘‘सर, आपल्या संस्थेत कर्मचारी किती?’’

‘‘दोन.’’

‘‘दोन हजार?’’

‘‘नाही हो, दोन. पैकी एक सतत कामात असतो.’’

‘‘आणि सर, आपण?’’

मी म्हणालो की मी दुसरा.

सर्वांत मोठी मेख पुढे होती. मागणी करणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस चालणार नाही, असा सिस्टिमचा नियम. मी आधी दोन्हीकडे स्वतःचंच नाव टाकलं, तर तिने मला चोरासारखं बाहेर काढलं आणि अर्धा तास आत घेतलं नाही. शेवटी बायकोला हाक मारली. ‘‘अगं, तुझं नाव फक्त टाकतोय. तू मंजुरी अधिकारी. तुला करायचं काही नाही, येता-जाता हिरवं बटण दाबायचं.’’

‘‘न वाचता?’’ तिने विचारलं.

‘‘सराव तर आहे.’’

‘‘अहो, पण न वाचता कसं दाबायचं?’’ ती म्हणाली, आणि तिथे पडलेलं चारशे पानांचं माहितीपुस्तक उचलून तिने शिवणयंत्राशेजारी ठेवलं. मला वाटलं, उंचीला घेतलं असेल.

सरावाला वस्तू हव्यात म्हणून मी तिच्या बरण्या नोंदवायला घेतल्या. ‘पांढरं बटण’ अशी नोंद केली आणि एकक विचारल्यावर चटकन ‘किलो’ निवडलं. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर माझी नोंद रद्द करून तिथे अकरा नोंदी झालेल्या. पांढरं, दोन भोकांचं. पांढरं, चार भोकांचं, जाड कडेचं. पांढरं, शिंपल्याचं. मळकं पांढरं, जुन्या कपड्यांसाठी. पुढे नग, कुठली फळी, कितवी बरणी. या सिस्टिममध्ये एकदा केलेली नोंद पुसता येत नाही, उलटी नोंद करून फिरवावी लागते. टायवाल्याने ती क्रिया दोनदा शिकवली होती आणि आम्हा सहांपैकी एकालाही कळली नव्हती. बायकोने ती दुपारच्या जेवणानंतर, पुस्तकाचं पान एकशे बारा उघडून केली होती.

‘‘बटणं किलोवर कोणी देतं का?’’ ती एवढंच म्हणाली.

मी बरण्यांकडे पाहिलं. सव्वीस वर्षं ज्या शिस्तीचा मला अभिमान होता ती माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत, कापडाच्या झाकणाखाली बसली होती. मला कौतुक वाटलं आणि ते बोलून दाखवायला हवं होतं. मी म्हणालो, ‘‘बरं जमलंय.’’ नवरे असंच बोलतात.

मग रोजचा क्रम ठरला. संध्याकाळी मी एक मागणी टाकायची, दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना तिने ती पाहायची. पहिली मागणी मी मुद्दाम सोपी टाकली: ‘शर्टाचे बटण, नग एक.’ खाली रकाना होता: ‘कारण नमूद करावे.’ मी लिहिलं, ‘तुटले.’

दुसऱ्या दिवशी मागणीसमोर लाल दिवा. नामंजूर.

ठीक आहे, म्हटलं, हात चुकला असेल. छत्री मागितली. लाल. बल्ब मागितला. लाल. बुटाची नाडी, लाल. दोन आठवड्यांत मी चौदा मागण्या केल्या आणि चौदाही लाल. ऑफिसात मला नाही म्हणायची टाप मॅनेजरचीही नाही. कारण मी मागतच नाही. आणि इथे माझी बायको एका नाडीला नाही म्हणते! मी मानी माणूस आहे. मी विचारलं नाही. कोटाच्या खिशातली सेफ्टीपिन शर्टाला लावून मी कामावर जाऊ लागलो, आणि ती दिसेल अशी लावली. पावसात एकदा भिजतही आलो. बायकोने टॉवेल दिला आणि माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. टेलिफोनवाले काका तोवर राग विसरून परतले होते. त्यांना मी आडून विचारलं, तर ते म्हणाले, ‘‘लाईन ठीक असताना उत्तर येत नसेल तर दोष ऐकणाऱ्याच्या बाजूला असतो.’’ खात्यातल्या माणसांना घरगुती दुःख कळत नाही, असं म्हणून मी तो सल्ला सोडून दिला.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी टेबलाशी बसलो. सगळी क्रिया पाठ होती, तरी तळघराचा जिना डोळ्यांपुढे येत होता. काय मागावं सुचेना. शेवटी वस्तूच्या रकान्यात मी लिहिलं, ‘धीर.’ नग एक. कारण नमूद केल्याशिवाय सिस्टिम पुढे जाऊ देत नाही, म्हणून लिहिलं: ‘उद्या परीक्षा. नापास झालो तर स्टोअर सुटेल आणि तळघरात बदली. घरी सांगितलेले नाही.’ लिहिल्यावर जरा हलकं वाटलं. पाठवायचं बटण दाबलं, आणि पाठवल्यावर लक्षात आलं की ही मागणी ज्या अधिकाऱ्याकडे गेली तोच ‘घरी’ आहे.

परत घेता येईना. मी लवकर जेवून झोपेचं सोंग घेतलं.

सकाळी निघण्यापूर्वी पडदा पाहिला. लाल. तिने मागणी रात्रीच पाहिली होती, आणि धीरसुद्धा नामंजूर! मी सेफ्टीपिन लावली आणि घराबाहेर पडलो. ती दारापर्यंत आली होती. मी मागे वळून पाहिलं नाही. याची आज लाज वाटते.

परीक्षा कँटीनमध्ये होती. सहा टेबलं, सहा संगणक, पाऊण तास. पहिले चार प्रश्न मी घडाघड सोडवले. उलटी नोंद आली तेव्हा शेजारच्याने पेन खाली ठेवलं. मी पान एकशे बारा आठवलं आणि पुढे गेलो. पाचवा प्रश्न असा: ‘देखभाल विभागाला गॅस्केट हवे आहे. काम पूर्ण करा.’ उघडलं तर देखभाल विभागाची मागणी आधीच लाल. मी नवी मागणी टाकली. क्षणात लाल. पुन्हा टाकली. पुन्हा लाल. इकडेतिकडे पाहिलं तर सहाही पडदे लालच. कोणी कपाळ धरलं होतं, कोणी टायवाल्याकडे रोखून पाहत होतं. दहा मिनिटं उरली होती.

मी हात मांडीवर ठेवले. लाल दिव्याकडे पाहता पाहता मला घरचे पंधरा लाल दिवे आठवले आणि त्या भरात अचानक एक विचार आला. तीस वर्षांच्या संसारात या बाईने मला ‘नाही’ पुष्कळदा म्हटलं आहे. नवी खुर्ची नाही, तिसरा चहा नाही, काकांबरोबर मासे पकडायला जाणं नाही. पण कारण न सांगता एकदाही नाही म्हटलेलं नाही. उलट कारण इतकं सविस्तर सांगते की मधे मी पेपर वाचून घेतो. ती पंधरा वेळा गप्प राहीलच कशी? कारण दिलेलं असणार. मीच ते वाचलेलं नसणार.

मी पडदा चष्मा वर करून, अगदी जवळून पाहिला. लाल दिव्याच्या शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढी, एक पिवळी चिठ्ठी होती. दोन आठवडे मी तिला डाग समजत होतो. तिच्यावर टिचकी मारली आणि ती उघडली: ‘नवीन मागवू नये. प्रत्येक पंपाच्या किटमध्ये एक जादा गॅस्केट असते. कप्पा बेचाळीस पाहावा.’

कप्पा बेचाळीसमधून गॅस्केट देखभाल विभागाला दिलं. दिवा हिरवा झाला.

सहांत मी एकटा पाचही प्रश्न सोडवू शकलो. टायवाल्याने हात मिळवला. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, ‘‘क्लास लावला होता का कुठे?’’ मी म्हणालो, ‘‘आमच्या मंजुरी अधिकारी फार कडक आहेत.’’ बाकीच्या पाच जणांना पंधरा दिवसांनी पुन्हा संधी द्यावी असं मी साहेबांना सांगितलं. तळघर एका माणसाला पुरेसं आहे.

त्या दिवशी मी घरी पळतच गेलो म्हणायला हरकत नाही. बायको कोणाचं तरी माप घ्यायला बाहेर गेली होती. मी बूट न काढता टेबलाशी बसलो आणि एकेक पिवळी चिठ्ठी उघडू लागलो.

बटण: ‘नामंजूर. तुमच्या प्रत्येक शर्टाच्या आतल्या शिवणीला मी एक जादा बटण लावून ठेवते. शर्ट उलटा करून बघा. काखेत कळसा.’

मी तिथेच शर्ट उलटा केला. होतं. पांढरं, चार भोकांचं, जाड कडेचं.

छत्री: ‘नामंजूर. जुनीची काडी बदलून आणली आहे, दाराच्या मागे टांगली आहे. चार दिवस तिच्या शेजारून जाताय.’ बल्ब: ‘दोन आहेत, शिवणाच्या कपाटात वरच्या फळीवर. स्टुलावर चढू नका, मी काढून देते.’ नाडी: ‘काळी हवी की तपकिरी? मागणी अपुरी आहे. दोन्ही रंगांच्या आहेत.’ दहाव्या मागणीवर: ‘काल भिजत आलात. छत्रीची चिठ्ठी वाचली नाही का? की रागावलात? सांगा तरी.’

चष्म्याची काच पुसावी लागली. मग पंधरावी उघडली.

‘धीर, नग एक. नामंजूर. बाहेरून मागवायची वस्तू नाही, घरात शिल्लक आहे आणि लागेल तेवढी आहे. तळघराचं मला दुसऱ्याच दिवशी कळलं. त्या सकाळी तुम्ही शर्टाची बटणं एक काज चुकवून लावून निघाला होतात. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, म्हणून तुमच्या स्टोअरमधल्या मित्राच्या बायकोला फोन केला. म्हणूनच पुस्तक वाचायला घेतलं. नापास झालात तर तळघरात डबा पाठवीन, आणि मधल्या सुट्टीत येऊन बसत जाईन. शर्टाला पिन लावू नका, टोचेल.’

दार वाजलं. ती आत आली, गळ्यात मापाची फीत होती. मी उलट्या शर्टात, बुटांसकट, तिच्या कटिंगच्या टेबलाशी डोळे पुसत बसलेला. तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘आज वाचल्यात?’’ ती म्हणाली. ‘‘मला वाटायचं, रोज वाचताय आणि मुकाट्याने ऐकून घेताय. नवलच करत होते.’’

‘‘पास झालो,’’ मी म्हणालो. ‘‘तुझ्यामुळे. आणि ती खेळणी नाहीत. बरण्या. वीस वर्षं चुकलो.’’

‘‘बूट काढा आधी,’’ ती म्हणाली. पण फीत ठेवायला वळली तेव्हा तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

स्टोअरचा एक नियम आहे: वस्तू हाती आली की ‘माल मिळाला’ अशी नोंद केल्याशिवाय काम पुरं होत नाही. सव्वीस वर्षांची सवय. मी पंधराव्या मागणीवर गेलो आणि ‘माल मिळाला’ दाबलं. सिस्टिमने ठणकावलं की नामंजूर मागणीवर माल घेता येत नाही. तीनदा दाबून पाहिलं, मग सोडून दिलं. त्यामुळे सिस्टिमच्या लेखी ती वस्तू मला अजून मिळालेली नाही.